जोनबिरी आणि आरमोरीचा कोसा

दादाचा फोन आला तेव्हा मी आरमोरीत एका विणकराच्या ओट्यावर बसून भाचीच्या लग्नासाठी कोशाच्या रेशमाची साडी बघत होते. ते काम मला वहिनीनंच दिलं होतं. "जोनाकी गेली," दादा म्हणाला. एवढंच. मी साडीची घडी घातली, उलगडली, परत घातली... समोर बसलेल्या विणकराला ती बाजूला ठेवायला सांगितली.

जोनाकी वहिनी आसामची. दादा तिकडे कागद कारखान्यात नोकरीला होता, आणि बल्लारपूरला नोकरी मिळाली तेव्हा तिला घेऊनच परतला. आमच्या आईनं आधी नाक मुरडलं, पण वर्षभरात दोघी एक झाल्या आणि आम्ही परके. वहिनी मराठी शिकली ती आईकडूनच, त्यामुळे थेट 'मले-तुले'. माहेरून तिनं एकच मोलाची वस्तू आणली होती, जोनबिरी. चंद्रकोरीच्या आकाराचं, लाल खड्यांचं गळ्यातलं. दिसायला भरीव, पण वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. दादाला हे कुठलं ठाऊक! एका दिवाळीला तिला खूश करायचं म्हणून त्यानं ती गुपचूप सोनाराकडे उजळायला दिली. सोनारानं नेहमीसारखी आच दाखवली आणि आतली लाख वितळून बाहेर आली. दादाचं तोंड बघवत नव्हतं. काही दिवसांनी वहिनीनं स्वतःच गडचिरोलीच्या बाजारातून जंगलातली लाख आणून सोनारापुढे ठेवली. "भरा आता. आसामची गेली, इथली चालते."

जोनबिरीखाली नेसायचा कपडा मात्र तिला सापडत नव्हता. माहेरचं मुगा रेशीम विरत चाललेलं, आणि आम्ही हौसेनं घेतलेले नागपूरचे जरीचे शालू तिला पसंत नव्हते. "कपडाच चिल्लावून राह्यला तर दागिन्याचं कोन ऐकन?" म्हणायची. मी एकदा आरमोरीचा कोसा नेला. मधाच्या रंगाचा, हाताला थोडा खरबरीत, मधेच सुताची गाठ लागणारा. तिनं त्यावर जोनबिरी ठेवली आणि बराच वेळ बघत बसली. "हा ऐकते," ती म्हणाली. पुढे घरातल्या प्रत्येक लग्नात ती तशीच सजली आणि आम्ही सगळ्या जरीत घामेजलेल्या बायका तिच्याकडे बघत राहिलो. कॉलनीतली एखादी मात्र विचारायचीच, "हे नकली हाय का वो?" वहिनी हसायची. घरी आल्यावर डबी कपाटात जायची.

दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा म्हणाली, "ताई, नयनीसाठी कोसा तुम्हीच पाहा. लग्नात एकदा जोनबिरी घालू दे तिले. मंग ठेवून दिलं तरी चालन." तिची लेक नयनी लहानपणापासून त्या दागिन्याला हसत आलेली. त्यामुळे वहिनीच्या जिवाला तोच घोर होता.

लग्न वर्षाच्या आतच साधेपणानं करायचं ठरलं. गेल्या आठवड्यात नयनी आरमोरीला आली. विणकराकडे मी बाजूला काढून ठेवलेली साडी तिनं हातात घेतली, गोंजारली आणि म्हणाली, "आत्या, लग्नात मी जोनबिरी नाई घालणार."

माझं डोकंच फिरलं. आईची राख थंड झाली नाही आणि ही... तोंडाला येईल ते बोलले. पोरीनं साडीची घडी घातली. मग म्हणाली, "लग्नात घातली का एक दिवस घालनं होते, आत्या. मंग कपाट. आईनं बी तेच केलं. लोक नकली म्हणतीन म्हणून भेत होती ते."

भीत होती? आमची वहिनी? मला ते पटायला वेळ लागला.

"मले कुर्त्याचा कोसा पाहिजे," नयनी म्हणाली. "मी जोनबिरी बँकेत रोज घालीन."

"अगं, पत्रा पातळ आहे. रोज वापरली तर झिजेल."

"झिजू दे न."

मी साडी परत केली आणि कुर्त्याचं कापड मागितलं. वहिनीला हे आवडलं असतं की ती माझ्याहून जास्त भांडली असती, कोण जाणे. तिला विचारता येत नाही याचा मला फार राग येतो.

काल नयनीनं बँकेतून फोटो पाठवला. समोर फायलींचा ढीग, अंगात कोशाचा कुर्ता, गळ्यात चंद्रकोर. मी तो दादाला दाखवला. त्यानं चष्मा लावून पाहिला. "आज काय सण हाय?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "मंगळवार आहे."

वहिनी गेल्यावर दादा तेव्हा पहिल्यांदा रडला.