मामांची बिनतारी घंटी

आमच्या मामेसासऱ्यांइतका तारेचा दुस्वास करणारा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात शोधून सापडायचा नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे सांगलीकडचे, पण कागदाच्या मिलमध्ये नोकरी लागली म्हणून तरुणपणी इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले. मिलमध्ये ते इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. दाब मोजणारी, उष्णता मोजणारी नाना तऱ्हेची यंत्रं आणि त्यांच्या हजारो तारा, यांत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. रिटायर होऊन गावात घर घेतलं त्याच आठवड्यात त्यांनी दिसेल ती तार उपटली. दाराच्या बेलची गेली, टेलिफोनची गेली, टेपरेकॉर्डरच्या स्पीकरची गेली. शेवटी पक्कड घेऊन गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेकडे वळले, तेव्हा मामी आडव्या आल्या. "तिच्यात करंट नाही हो," म्हणाल्या. मामांनी नाइलाजाने तेवढी एक सोडली.

त्यानंतर मामांनी स्वतःला बिनतारी विद्येला वाहून घेतलं. एकट्याने घेतलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं, पण त्यांना ऐकणारा लागे. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून ते बसत, आणि मी ज्या शाळेत शिकवतो ती त्याच गल्लीच्या टोकाला असल्याने मी रोज आयता सापडे. "जावईबापू, ठहरो! एकच मिनिट." मामांचं एक मिनिट म्हणजे माझा पहिला तास बुडालाच म्हणून समजा. "इन्फ्रारेड म्हणजे टीव्हीचा रिमोट. नजरेला नजर भिडली तर काम, मध्ये कोणी आलं की बोंबला! एनएफसी म्हणजे देवळातला प्रसाद, अगदी पुढे जाऊन हात टेकवल्याशिवाय मिळायचा नाही. ब्लूटूथ घरातल्या घरात, दहा मीटर धरून चला, पण सेल खातं कमी. वायफाय लांब जातं, माल भरपूर वाहतं, पण खादाड! छोट्या सेलवर त्याचं बिलकुल भागत नाही. आणि झिगबी..." झिगबीचं नाव घेताना मामांचा आवाज एकदम मऊ होई. "झिगबी म्हणजे केळीचा ट्रक भरणारी माणसं. कोणी एकटा लांब फेकत नाही. याने घड त्याच्या हातात दिला, त्याने पुढच्याच्या. घरातला एकेक बल्ब निरोप पुढे सरकवतो. समझे?" मी "समझे, समझे" करत पळ काढी. माणसांनाही ते याच मापाने मोजत. माझी बायको वायफाय, कारण तिचा आवाज तीन घरं जातो. मी इन्फ्रारेड, कारण मी नजर चुकवून सटकतो. खरं सांगतो, तेव्हा मला या माणसाचा भयंकर राग यायचा. हेडमास्तरांनी एकदा उशिराचं कारण लेखी मागितलं, तर मी कागदावर 'झिगबी' एवढंच लिहून दिलं होतं.

बरं, नुसतं बोलून थांबतील तर ते मामा कसले! शेजारी यंत्रमाग चालवणारे लूमवाले चाचा राहतात, त्यांची नि मामांची भिंतीला भिंत. मुलीच्या मंगनीसाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, चाचांनी नवा स्पीकर आणला आणि मामांनी आदल्या दिवशी तो मोठ्या हौसेने आपल्या फोनशी जोडून तपासून दिला. ऐन समारंभात मामा आपल्या घरी बसून सांगलीच्या भावाला फोन लावतात काय, आणि तो स्पीकर जुन्या ओळखीने मामांच्या फोनला जाऊन चिकटतो काय! पाहुणे शरबत पितायत आणि स्पीकरमधून सांगलीचा भाऊ गरजतोय, "काय रे, आज तरी पोट साफ झालं का? एरंडेल घेतलंस का नाही?" दुसऱ्या दिवशी चाचांनी मावा जिलबीच्या पुड्याबरोबर इसबगोलाचं पाकीटही पाठवून दिलं. मामांना शरम नाहीच. वर मलाच म्हणाले, "एकदा जोडी जमली की विसरत नाही. ब्लूटूथला मानलं पाहिजे!"

मामांच्या ओरडून बोलण्याचंही कोणाला नवल वाटत नसे. आजूबाजूला दिवसभर लूमची खटखट, तिथे सगळेच ओरडून बोलतात.

मागच्या वर्षी मामी पडल्या. मामी इथल्याच जसोंडी गावच्या, शेतकऱ्याघरच्या, हाडापेराने मजबूत, पण त्याआधीच खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून वॉकर धरून चालतात. त्या सकाळी मागच्या खोलीत मोरीपाशी त्यांचा पाय घसरला आणि अर्धा तास त्या जमिनीवर पडून हाका मारत राहिल्या. मामा पुढे ओट्यावर पेपर वाचत होते. शेवटी कामवाल्या बाईंनी येऊन बघितलं. नशिबाने हाड वाचलं, पण मामांनी धसका घेतला. भेटेल त्याला सांगत, "लूमची खटखट आणि ही एवढी जाड भिंत! आवाज पोहोचलाच नाही हो." आणि तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास धरला. मामींनी मागे बटण दाबलं की पुढे ओट्यावर आपल्याला कळलं पाहिजे. पुन्हा तिला अर्धा तास हाका माराव्या लागता कामा नयेत.

मग सुरू झाल्या परीक्षा. आधी ब्लूटूथची घंटी आली. मामी आत बटण घेऊन बसल्या, मामा ओट्यावर कान टवकारून. थोड्या वेळाने मामा तरातरा आत. "दाबलंस का?" "दाबलं ना." "आलं नाही! परत दाब." पुन्हा बाहेर, पुन्हा आत. दिवसातून वीस खेपा. ब्लूटूथ भिंतीपुढे कच्चं म्हणून बाद झालं. वायफायची घंटी आणली, राउटर कपाटावर चढवला, मग कपाटच सरकवलं, तेही बाद. शेवटी लाडकं झिगबी आणलं. निरोप हातोहात यावा म्हणून पॅसेजमध्ये ओळीने सात बल्ब लावले. बाहेर ओट्याच्या भिंतीवर नवी घंटी ठोकली. मी जायचो तेव्हा सगळे लूम चालू असायचे, मलाही काही ऐकू यायचं नाही. "मिलचा कायदा आहे," मामा घाम पुसत सांगत, "यंत्र बोलत नसेल तर पाठवणारं टोक तपासा, मग मधली वाट तपासा. दोष वाटेतच आहे." आणि पुन्हा आत जात.

एका शुक्रवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी दुपारी गेलो. शुक्रवारी लूम बंद असतात. गल्ली इतकी शांत की चाचांच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मामा खुर्चीत ताठ बसून घड्याळाकडे बघत होते. "आता दाबेल," म्हणाले. आणि घंटी वाजली. टिणटिण, टिणटिण. आमच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, अगदी स्वच्छ. मी मामांकडे बघितलं. ते घड्याळच बघत होते. पुन्हा वाजली. मामांनी मान हलवली. "झिगबी पण फेल, जावईबापू. भिंत फार जाड आहे."

पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेलो. मामी पलंगावर बटण हातात धरून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "वाजते ना?"

"वाजते की, मामी!"

"ठाऊक आहे मला. कुकरच्या शिट्या पण ऐकू येत नाहीत यांना आता. मिलच्या मशीननं कान खाल्ले. तुम्ही सांगू नका."

"अहो, पण उद्या तुम्ही पुन्हा पडलात तर?"

"त्यांना समजलं तर त्या दिवसाचं मनाला लावून घेतील, जावईबापू. दोष भिंतीवर आहे, तर भिंतीवरच राहू द्या ना."

मी गप्प बसायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही. पण मी मुळात तापट, आणि त्या घंटीच्या भरवशावर ही दोन म्हातारी माणसं राहणार, या विचाराने माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन नेहमीसारखं ओरडूनच म्हटलं, "मामा, घंटी वाजतेय. दर वेळी वाजतेय."

मामा हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. उठून त्यांनी घंटी भिंतीवरून काढली, तळहातावर धरली आणि आत ओरडले, "दाब गं!" घंटी हातात थरथरली. त्यांनी ती कानाला लावली, मग दुसऱ्या कानाला. "घेणारं टोक तपासलंच नाही मी," म्हणाले. खाली बसले आणि इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "म्हणजे त्या दिवशी तिच्या हाका येत होत्या. आणि मी पेपर वाचत होतो."

मला जीभ हासडून टाकावीशी वाटली.

आता सगळी व्यवस्था चोख आहे. मामांच्या कानांत ऐकू येण्याची दोन मशीनं आहेत. मामींनी बटण दाबलं की सातही बल्ब लागतात, मामांच्या मनगटावरचा पट्टा थरथरतो. पण त्यांची ओट्यावरची खुर्ची त्या शुक्रवारी आत गेली ती मामींच्या पलंगापाशीच राहिली. मी रोज वेळेवर शाळेत पोहोचतो. गल्लीत मला कोणी अडवत नाही, आणि हेडमास्तर खूश आहेत. मला मात्र त्या ओट्यावरून जाताना उगीच पाय रेंगाळल्यासारखं होतं.

परवा भेटायला गेलो. मामा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तशा मामी मला म्हणाल्या, "दिवसभर माझ्याकडेच बघत बसतात. दुपारी जरा डोळा लागला आणि मी नुसती कूस बदलली ना, तरी वाकून विचारतात, 'हाक मारलीस का गं?'"

"मग तुम्ही काय सांगता?" मी विचारलं.

मामींनी पदर सारखा केला. "हो म्हणते," म्हणाल्या. "दर वेळी हो म्हणते."