गारठलेलं पान

माझ्या नणंदेनं, म्हणजे आमच्या वन्संनी, कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून सव्वीस वर्षं काढली. काचपट्ट्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शक झाकून ठेवायचे, पाणवनस्पतींचं पिंप जपायचं. त्यांचा एक दंडक होता: आधी कागदावर पेशी काढायची, मगच भिंगाला डोळा लावायचा. “काय दिसेल असं वाटतंय ते काढा,” त्या म्हणत, “म्हणजे खरं काय दिसलं ते कळेल.”

एकदा त्या चष्मा घरी विसरल्या. तो द्यायला मी सव्वादहाला गेले, तर नव्या बाई रडकुंडीला आलेल्या. साडेदहाला त्यांचा चाचणीचा तास. प्राचार्य स्वतः बसणार. तास जमला तर नोकरी, नाही तर घरी. दाखवायचं होतं जिवंत पानातलं वाहतं पेशीद्रव्य, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पान ढिम्म.

“कालपर्यंत छान फिरत होतं हो,” बाई म्हणाल्या. “टवटवीत राहावं म्हणून संध्याकाळी पिंपातल्या सगळ्या डहाळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या.”

कोथिंबिरीचं मीही तेच करते.

वन्संनी चष्मा चढवून पाहिलं. “मेलेलं नाही, गारठलंय. वहिनी, तो टेबललँप इकडे ओढा.” कोमट पाण्याच्या पेल्यात डहाळी सोडून त्यांनी पेला दिव्याखाली ठेवला. “पाऊण तास तरी द्यायला हवा.”

“पाऊण तास आणू कुठून?”

“तुम्ही फळ्यापाशी उभ्या राहा. बाकीचं माझ्याकडे लागलं.”

प्राचार्य आले ते थेट सूक्ष्मदर्शकाकडे वळले. वन्सं कागद-पेन्सिल घेऊन आडव्या उभ्या. “सर, आधी पेशी काढायची. इथे सगळेच काढतात.”

“मी अर्थशास्त्राचा माणूस, ताई.”

“मग तर काढाच.”

मुली खुसखुसल्या. सर निमूटपणे बाकावर बसले. एक वर्तुळ, मधोमध टिंब, पेन्सिल खाली.

“टिंबाभोवती काय आहे, सर?” बाईंचा आवाज अजून कापत होता.

“काही नाही. रिकामी जागा.”

इथे बाईंना सूर सापडला. “रिकामी असती तर पेशी जगलीच नसती, सर. टिंब म्हणजे केंद्रक, ते झालं साहेब. पण साहेबाचा हुकूम पोचवणार कोण? प्रथिनं बनवायला, साखर फोडायला जागा कुठली? सगळं त्या दाटसर द्रव्यात चालतं.” मग त्या थांबल्याच नाहीत. मुली प्रश्न विचारू लागल्या, सरही विचारू लागले. घड्याळाकडे फक्त वन्सं बघत होत्या आणि मी.

शेवटी वन्संनी पेल्यातलं एक पान काचपट्टीवर ठेवलं, भिंग जुळवलं आणि बाईंकडे बघून मान हलवली.

सरांनी डोळा लावला. “हे हिरवे ठिपके चाललेत की,” ते हळूच म्हणाले.

“पेशीद्रव्य वाहतंय, सर. ठिपके त्याच्याबरोबर निघालेत. मीच रात्री फ्रिजमध्ये ठेवून गारठवलं होतं, ताईंनी जागं केलं.”

सर मान वर करीनात. मागे मुलींची रांग लागली.

“सर, आमचा नंबर,” एक धीट मुलगी म्हणाली.

ते उठले, आपला कागद शोधला आणि त्या रिकाम्या जागेत गोल फिरणारे बाण काढत बसले. जाताना बाईंना म्हणाले, “सोमवारपासून या. आणि तो फ्रिज ताईंना विचारल्याशिवाय उघडू नका.”

बाईंनी वन्संना मिठीच मारली. मी आपली हळूच सूक्ष्मदर्शकाकडे सरकले.

“वहिनी,” मागून आवाज आला. “हा घ्या कागद.”