सेराबाईंनी जमवलेली दहा माणसं

सेराबाईंना मी प्रथम पाहिलं ते धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत. त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मी नेमणुकीचं पत्र हातात धरून घाम पुसत उभी होते. पहिल्याच तासाला माझ्या तोंडून ‘सगळ्या’ऐवजी ‘बठ्ठ्या’ असा गावाकडचा शब्द गेला आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः वर्गात आल्या आणि म्हणाल्या, “बठ्ठ्या पोरींनी वह्या काढा.” कोणी हसलं नाही. बाई मूळच्या कोकणातल्या, पण माझ्या बोलीची लाज त्यांनीच घालवली.

त्यांच्या शिस्तीबद्दल आणि शिकवण्याबद्दल या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्यांच्या मैत्रीबद्दल. त्यांच्या मैत्रिणीची, जळगावच्या रिबकाबाईंची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

दोघी अलिबागजवळच्या एकाच गावातल्या, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घराण्यांतल्या. शाळेत एका बाकावर बसल्या. लग्नानंतर सेराबाई धुळ्याला आल्या, रिबकाबाई जळगावला. खानदेशात त्यांच्या समाजाची घरं मोजकी, प्रार्थनामंदिर नाही. म्हणून सण आला की एकीनं दुसरीकडे जायचं, हे ठरलेलं. पुढे सेराबाईंची मुलगी आणि रिबकाबाईंचा मुलगा यांचं लग्नही ठरलं. मुलगा नोकरीसाठी इस्राएलला गेला आणि तिथे त्यानं दुसरी मुलगी पसंत केली. रिबकाबाईंना हे त्याच्या पत्रातून कळलं होतं. त्याचं मन वळेल या आशेवर त्या चार महिने गप्प राहिल्या.

सेराबाईंना बातमी शेवटी तिसऱ्याकडून कळली. सेराबाई जळगावला जाऊन एकदाच बोलल्या. “लग्न मोडलं याचं एवढं नाही, रिबका. मी लग्नाच्या साड्यांना फॉल लावत होते आणि तू शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होतीस.” त्यानंतर तीन वर्षं दोघींचं बोलणं बंद. तेव्हा दोघींनी पंचेचाळिशी ओलांडली होती.

मग रिबकाबाईंचे यजमान अचानक गेले. दफन त्याच दिवशी झालं, धुळ्याला निरोप पोचायच्या आत. त्यांच्या रिवाजाप्रमाणे पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. जळगावात पाचच होते. तिसऱ्या दिवशी शेजारणीचं पत्र आलं. ‘रिबकाबाई जेवत नाहीत. माझ्या माणसाची प्रार्थना अर्धी राहिली, एवढंच म्हणतात.’

बाईंनी पत्राची घडी घातली आणि मला म्हणाल्या, “सुमन, सातव्या दिवशी पुन्हा प्रार्थना असते, तेव्हा दहा माणसं जमवायची आहेत. उद्या माझ्याबरोबर भुसावळला चला. एकटी गेले तर वाटेतून परत येईन.”

धुळ्यातले दोघं तयार होते, एक बाईंचे यजमान आणि दुसरे कचेरीतले एक कारकून. उरलेले तिघं भुसावळला, रेल्वेत. आमची बस जळगावला थांबली, पण बाई उतरल्या नाहीत. “आधी माणसं,” म्हणाल्या. भुसावळला दोघांनी लगेच होकार दिला. तिसरे गार्ड होते, सातव्या दिवशी त्यांची गाडी होती. बाई तडक त्यांच्या साहेबांकडे गेल्या. “एका माणसावाचून नऊ जणांचं येणं फुकट जाईल,” एवढंच म्हणाल्या. साहेबांनी ड्यूटी बदलून दिली.

सातव्या दिवशी रिबकाबाईंच्या घरी दहा पुरुष उभे राहिले आणि प्रार्थना पुरी झाली. रिबकाबाई भिंतीला टेकून रडत होत्या. मग त्यांनी वर पाहिलं.

“आलीस?”

“आले. राग गेलेला नाही. आधी दोन घास खा.”

“तुला खरं सांगायची हिंमत नव्हती माझ्यात.”

“ते कळलंय मला. खा.”

राग जायला आणखी वर्ष लागलं, हे सेराबाईच सांगतात. पण त्या वर्षभर दर रविवारी त्या जळगावला जात होत्या. राग जाईपर्यंत थांबायचं नाही, आपलं काम करत राहायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. मुलीचा संसार पुण्यात सुखाचा आहे. रिबकाबाई गेल्या वर्षी देवपुरात राहायला आल्या, बाईंच्या मागच्याच गल्लीत.

बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. ‘शतायुषी व्हा’ असं लिहून मी हा लेख रिबकाबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “शंभर खोड. आमच्यात एकशेवीस म्हणतात. मी तिच्याहून दोन महिन्यांनी मोठी आहे, तेव्हा मलाही तेवढंच लिही.”

बाई, तसंच लिहिलं आहे. दोघींना एकशेवीस वर्षं, आणि शेवटपर्यंत एकमेकींच्या घरी चालत जाता येईल असे धडधाकट पाय.