दोन सारखे प्रिंटर

दुकानात दोन प्रिंटर शेजारी शेजारी मांडले होते. रंग, उंची, शाईच्या टाक्या, सगळं सारखं. माझ्याआधी आलेले एक गृहस्थ जुळ्या मुलींना घेऊन तेच न्याहाळत होते.

"दोघांत फरक काय?" त्यांनी विचारलं.

"हा जरा स्लो आहे," दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडेही तसंच," एका मुलीच्या डोक्यात टपली मारत ते म्हणाले. "ही जरा स्लो."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. निवड करायची म्हणजे एकाला नाकारायचं कारण शोधायचं. ते सापडलं, की माणसाला काय सुटल्यासारखं वाटतं!

त्या मुलीने स्लो प्रिंटरवर हात ठेवला.

"मग हा कोणीच नेत नाही का?"

"नेतात की," दुकानदार म्हणाला. "दुसरा शिल्लक नसला तर."