लक्ष्मीच्या पाठीला चिकटलेला मालक

शारजाच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात घेतलेलं एक रोमन नाणं माझ्याकडे होतं. एका बाजूला मेलेल्या सम्राटाचं तोंड, दुसऱ्या बाजूला त्याला स्वर्गात नेणारा गरुड. सम्राट मेला की रोमन लोक त्याला देव ठरवायचे आणि गादीवर आलेला वारस तशी नाणी पाडायचा. बाप देव झाला की मुलगा आपोआप देवाचा पोरगा. ही युक्ती वाचून मला पूर्वी हसू यायचं.

मग आमच्या कंपनीचा मालक वारला. हमरिया फ्री झोनमध्ये त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, मी तिथे सुपरवायझर. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या तिजोरीत असत. साताऱ्याहून वडील गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिलो. "शिपमेंट जाने दो, फिर देखते हैं," म्हणाला आणि चहा पीत बसला. मी थोरला मुलगा. अग्नी चुलतभावाने दिला, मी तेराव्याला पोचलो. हे मी त्याला माफ केलेलं नाही, आजही नाही.

त्या दिवाळीला त्याच्या मुलाने, म्हणजे नव्या मालकाने, सगळ्यांना चांदीचं नाणं वाटलं. भाषणात बाप अन्नदाता, देवमाणूस. मेल्या म्हशीला मणभर दूध! टाळ्या मीही वाजवल्या, त्याचा जास्त राग येतो. नाण्याची डबी न उघडताच बायकोच्या हातात दिली.

लक्ष्मीपूजनात चांदीचं नाणं मांडायची आमच्याकडे रीतच. बायकोने घाईघाईत ते दुधाने धुतलं, ताम्हनात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. मी हात जोडले, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, हू इज दॅट अंकल? इज ही गॉड?"

वाकून पाहिलं. नाण्यावर कपाळाला कुंकू लावून तोच, मेलेला मालक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फेकून दे ते!" मी ओरडलो.

"अहो, मागे लक्ष्मी आहे," बायकोने नाणं उलटं करून दाखवलं. "लक्ष्मी कशी फेकायची?"

मालकाच्या पोराची हुशारी मला तेव्हा कळली. बाप त्याने असा चिकटवला होता की कुणाची फेकायची छाती होणार नाही. त्यापेक्षा रोमन परवडले, त्यांचा गरुड निदान माझ्या देव्हाऱ्यात तरी शिरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी ते नाणं कापडात धरून व्हाइसच्या जबड्यात आवळलं आणि कानस घेतली. आधी नाक गेलं, मग चष्मा. आमचा रत्नागिरीकडचा वेल्डर मागे उभा राहून बघत होता. त्याची आई गेली, तेव्हा त्याला तर तेरावंही मिळालं नव्हतं. त्याने पाकिटातून आपलं नाणं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"साहेब, माझंपण घासा," तो म्हणाला. "फक्त लक्ष्मीला लागू देऊ नका."