सुकटीचा वास

रविवारी सकाळी सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको सुकट भाजत होती. तो खारट, किंचित करपट वास नाकात शिरला आणि मी अमेरिकेतल्या त्या मळक्या कार्पेटच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये जाऊन पोचलो.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. आईने बांधून दिलेली सुकट तव्यावर होती, खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता. इमारतीच्या मॅनेजरने दार ठोठावलं.

"कसला हा वास? पुन्हा तक्रार आली तर खोली सोडावी लागेल."

मी समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे एक मेक्सिकन बाई एकटी राहायची. तीही सुकी कोळंबी आणायची, त्यामुळे मॅनेजरला ते लगेच पटलं. त्याने ठोठावल्यावर तिने दार उघडलं. माझ्या हातात उलथनं तसंच होतं. तिने ते पाहिलं आणि मॅनेजरला हळूच म्हणाली, "सॉरी, सर." वर्षानुवर्षं हेच म्हणत आल्यासारखी.

मी दार लावून भाताबरोबर ती सुकट चवीने खाल्ली. महिन्याभरात तिची खोली रिकामी झाली. तिथल्या भेदभावाचा इतिहास वाचताना मी अजूनही दुष्ट गोरा माणूस शोधतो. पण त्या कॉरिडॉरमधलं बोट माझं होतं.

तेवढ्यात आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात शेजारची चिनी आंटी होती. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"सो नाइस स्मेल, लाह. हू कुक?"

सुकट बायकोनेच भाजली होती. तरी मी म्हणालो, "मी."