संत्र्याचा वास

गाव सोडलं त्या सकाळी कौसाकाकूने आम्हाला सरळ एसटीकडे जाऊ दिलं नाही. आधी खव्याच्या भट्टीवर नेलं. आमच्या भूम भागात दूध आटवून खवा करणं हाच धंदा, आणि काकूची भट्टी आमच्या घराला लागून. अंकुश तिचा एकुलता एक मुलगा, मी शेजारचा. नुकतंच काढलेलं दूध कॅनमध्ये होतं. काकूने आम्हा दोघांचे हात धरून त्या कोमट कॅनवर ठेवले आणि दुधाची शपथ घालून म्हणाली, "कुटं बी ऱ्हावा, काय बी काम करा. पर पिऊ नगा." अंकुशचे वडील संत्रा नावाची देशी दारू पिऊन पिऊन गेले होते. त्यामुळे तिला पुढे काही बोलावं लागलं नाही.

चाकणला आम्ही एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यात, लागलो. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना मधूनमधून 'ब्रेक' देतात, म्हणजे गोड शब्दांत घरी बसवतात. दुसऱ्या ब्रेकला आम्ही गावी गेलोच नाही. परदेशी इंजिनिअर उतरतात अशा एका हॉटेलात प्लेटा उचलायला लागलो आणि हळूहळू बारच्या काउंटरमागे पोचलो. घरी सांगितलं, हॉटेलात आहोत. ते खोटं नव्हतं. गावाकडच्यांनो, तुमच्या डोळ्यांपुढे भजी आणि चहा आला, त्याला आमचा इलाज नव्हता.

दारू म्हणजे गावाला एकच ठाऊक, घशाखाली जाळत जाणारी. इथे आम्ही लिक्युअर नावाची गोड दारू पाहिली. फ्रान्सची संत्र्याच्या सालीची, मेक्सिकोची कॉफीची, इटलीची कडू झाडपाल्याची, आयर्लंडची सायीची. या बाटल्या पेला भरून प्यायच्या नसतातच. कॉकटेलमध्ये त्यांचं काम फोडणीचं. चमचाभर पडली की बाकीचं सगळं जुळून येतं, जास्त झाली की सगळ्याचा पाक होतो. चव तर बघावीच लागते. स्ट्रॉ बुडवायची, वर बोट दाबायचं, थेंब जिभेवर घ्यायचा. मी तो गिळायचो. अंकुश सिंकमध्ये थुंकायचा आणि पाण्याने खळखळून चूळ भरायचा. बाकीची पोरं त्याला 'महाराज' म्हणून चिडवायची. तो म्हणायचा, "हसा. थुकलं की शपथ शाबूत."

एकदा या महाराजांनी सायीच्या लिक्युअरमध्ये लिंबू पिळलं. ग्लासात चोथा वेगळा, पाणी वेगळं झालं. खवेवाल्याच्या पोराच्या हातून दूध नासलं म्हणून आम्ही महिनाभर त्याला सोडलं नाही. पण त्याच नासलेल्या ग्लासापासून त्याच्या डोक्यात किडा शिरला. गोव्याकडून छोट्या कारखान्यांच्या, हाताने बनवलेल्या लिक्युअर यायला लागल्या होत्या, कुणाची कोकमाची, कुणाची जांभळाची. अंकुश म्हणाला, "मग आपल्या खव्यानं काय घोडं मारलंय?" काकूचा खवा एसटीने यायचा. तो गूळ-वेलदोड्यात घोटून, कॉफीच्या लिक्युअरमध्ये मिसळून त्याने एक कॉकटेल बसवलं. परदेशी साहेबांना आवडलं. मेनूवर आमच्या गावाचं नाव लागलं. त्या कार्डाचा फोटो त्याने आईला पाठवायला काढला होता आणि कधीच पाठवला नाही. काकूला वाटायचं, आपल्या खव्याचे साहेबलोक पेढे खातात. खवा बांधताना ती म्हणे शेजारणींना बोलावून दाखवायची.

तो गेला त्या दुपारी काउंटरवर संत्र्याच्या लिक्युअरची बाटली कलंडली आणि त्याच्या शर्टावर सांडली. ड्युटी संपली होती. घरी जाऊन धुतो म्हणाला आणि तसाच बाइकवर बसला. चाकण चौकाच्या अलीकडे कंटेनरने मागून उडवलं. दवाखान्यात कुणीतरी नाक मुरडून म्हणालं, प्यायलेला दिसतोय. एवढं एक वाक्य अँब्युलन्सच्या आधी गावात पोचलं.

कपड्यांची पिशवी काकूने स्वतः उघडली. शर्ट नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "ह्यो वास मला ठावा हाय," ती म्हणाली. आणि तिचं तरी काय चुकलं? फ्रान्सची संत्र्याची दारू असो की गावठाणातली देशी संत्रा, वाळलेल्या कापडावर दोन्ही सारख्याच. तिने तो वास अख्खा संसारभर धुतला होता. मी तिला बाटलीचं सांगितलं, थुंकण्याचं सांगितलं, चूळ भरण्याचं सांगितलं. ती शर्टाची घडी घालत राहिली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, खाली उतरेनात. माणसांनी नेहमीसारखे शब्द दिले, आईला सांभाळू, भट्टी बंद पडू देणार नाही. एकही हलला नाही. अंकुशचा जीव कशात अडकलाय हे मला कळत होतं. ते मेनूकार्ड आईला दाखवायचं राहिलं होतं. पण ते म्हणायचं कसं? तो पीत नव्हता हे पटवायला, काकू, तुझा खवा दारूत जात होता, असं सांगायचं? ऊन चढलं तसे त्याचे चुलते नामदेवतात्या देशी संत्र्याची बाटली घेऊन आले. मी आडवा आलो. "तात्या, त्यानं आयुष्यात घोटभर घेतली नाही."

"तू बी त्याच बारमदला की, बाबा," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीवच होती. त्यांनी पिंडाशेजारी धार सोडली.

आणि कावळा उतरला.

लोक सुटल्यासारखे चपला शोधायला लागले. मी काकूपाशी गेलो, तिचे पाय धरले. म्हटलं, "काकू, दुधाची शपथ त्यानं मोडली नाही." ती पिंडाकडेच बघत होती.

"मग कावळा खोटं बोलतो व्हय रे?"

मी आता पुनावळ्यात राहतो, वाकडच्या एका बारमध्ये आहे. ते कॉकटेल मी कुणाला करून देत नाही. गावी जातो तेव्हा आई मला जवळ घेते आणि आधी माझ्या कॉलरचा वास घेते. तिला वाटतं मला कळत नाही. त्या क्षणी मला परकं वाटतं, आणि आईचा राग येतो, आणि रागाचीही लाज वाटते.

माझ्यासारखं काउंटरमागे उभं राहणाऱ्यांनो, तुमचंही असंच होत असेल. माझं घर आता कुठलं, हे मी बायकोला एकदाच सांगितलंय. माझा दहावा इथेच कर, मोशीला इंद्रायणीच्या काठावर. पिंडावर चिमूटभर खवा ठेव. कावळा नाही आला तर थांब. ऊन डोक्यावर येऊ दे, माणसं कंटाळून निघून जाऊ देत. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिवव. पण कुणी बाटली आणली तर उघडू देऊ नकोस.